रविवार-सोमवारही दार उघडे हवे : समुपदेशन कक्षासाठी आवाहन

सप्रेम नमस्कार.

मंडळाचा गुरुवारचा समुपदेशन कक्ष आपणां सर्वांना ठाऊक आहेच. रामबागेतल्या काकूंनी वाड्यातली मागची खोली एक पैसा भाडे न घेता दिली, ते ऋण फिटणारे नाही. खोलीला गल्लीतून वेगळे दार आहे म्हणून मुले येतात. पुढच्या दाराने एकही आले नसते. गणिताच्या सरांनी निवृत्त होताच पहिली पेन्शन आणून दिली, त्यातून टेबल-खुर्च्या आल्या. डॉक्टरताई दवाखाना मिटवून थेट कक्षात येतात. चहा-पोहे महिला शाखेचे, तेही न मागता.

इंदूरच्या भंवरकुआं भागात कोचिंगसाठी राहणारी मुले येतात, तशी आपल्या घरांतलीही येतात. पार्टीत दारू झाली, कुणी नशेची गोळी दिली, पुढे भान राहिले नाही, निरोध वापरला नाही. एक मुलगा तर सगळा वेळ हेल्मेट न काढताच बोलला.

अशा वेळी एचआयव्हीचा संसर्ग टाळणारी औषधे 72 तासांच्या आत सुरू व्हावी लागतात, जितकी लवकर तितकी बरी, आणि 28 दिवस घ्यावी लागतात. शनिवारी रात्री घडलेल्या गोष्टीची मुदत मंगळवारी रात्री संपते. आपले दार उघडते गुरुवारी! सरकारी केंद्रात तपासणी मोफत आणि गुप्त होते, 1097 वर एचआयव्हीची आणि 14446 वर व्यसनमुक्तीची माहिती मिळते. पण घरच्यांच्या धाकाने गप्प बसलेल्या मुलाला तिथवर न्यायला कुणीतरी मोठे माणूस लागते.

गेल्या वर्षीही हात पसरले होते. 'असले विषय मंडळात कशाला' म्हणत काहींनी पावतीपुस्तके कोरीच परत केली. गणेशोत्सवाला भरभरून देणारी घरे ती, म्हणून जास्त लागले. मुले आपलीच आहेत हो.

रविवार व सोमवार संध्याकाळसाठी प्रशिक्षित समुपदेशकाचे मानधन दरमहा 12,000, म्हणजे वर्षाचे 1,44,000 रुपये हवेत. रोख, चेक, यूपीआय चालेल. पावती कोषाध्यक्षांकडे, कार्यालयात सायं. 6 ते 8, महिनाअखेरपर्यंत. मुलांना एम.वाय. या सरकारी रुग्णालयापर्यंत सोबत करणारे, वाहन असलेले स्वयंसेवकही हवेत (स्त्रिया विशेष). नाव बाहेर न फोडण्याचे लेखी वचन द्यावे लागेल. ज्यांना तेवढे जमणार नाही त्यांनी पैसेच द्यावेत.

आपला,
सचिव