ताई, पायाची भिंगरी तुम्ही थांबवली नाहीत

प्रिय ताई,

शेवटच्या वर्षाचे पेपर संपले. वाचनालयाचं ओळखपत्र परत करायचं आहे, पण त्याआधी तुमचे आभार मानायचे आहेत, आणि तेही सगळ्यांसमोर. तुम्ही माझ्यासाठी जे केलंत ते ग्रंथपालाच्या कामाच्या यादीत कुठेच बसत नाही, त्यामुळे त्याची दखल कुणी घेईल असं वाटत नाही. म्हणून मी घेते.

तुमच्याकडे मी पुस्तकासाठी आले नव्हते, घराबाहेर बसायला जागा हवी होती. ठरलेल्या वेळी उठायचं, तेच तास, तीच प्रॅक्टिकल्स, त्याच रस्त्याने परत, घरातली कामं, अभ्यास, झोप. पुढच्या महिन्यातल्या कुठल्याही मंगळवारी दुपारी तीनला मी काय करत असेन हे आजच सांगता यायचं आणि त्या विचारानेच जीव घुसमटायचा. कुठेतरी निघून जावं असं सारखं वाटे. कुठे, ते माहीत नसे. हिच्या पायाला भिंगरी आहे, असं घरी काळजीच्या सुरात म्हणत. भावाबद्दल हेच कौतुकाने म्हटलं जाई.

तुम्ही मला शांत करायला गेला नाहीत. घरी न्यायला न मिळणारा तो मोठा नकाशासंग्रह टेबलावर उघडलात, बटर पेपरचा एक कागद पुढे केलात आणि म्हणालात, "पुस्तकावर रेघ मारायची नाही. कागद वर ठेव आणि प्रवास काढ."

पहिला प्रवास तुम्हीच निवडलात, ईडा फायफरचा. व्हिएन्नाची ही बाई दोन्ही मुलगे हाताशी आल्यावर, १८४२ साली, वयाच्या ४४ व्या वर्षी घराबाहेर पडली आणि पुढे दोनदा पृथ्वीप्रदक्षिणा करून आली. केप हॉर्नला वळसा घालून ताहिती, तिथून चीन, मग भारतातून इराणकडे. पेन्सिल नेता नेता कागद अपुरा पडला, दुसरा चिकटवावा लागला. लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने मात्र ती बाई आहे म्हणून तिला सदस्यत्व दिलं नाही. याच संस्थेने १८९२-९३ मध्ये २२ स्त्रियांना घेतलं, लगेच दार पुन्हा लावून घेतलं आणि ते उघडायला १९१३ साल उजाडलं. त्यानंतर झान बारे. फ्रेंच आरमाराच्या जहाजांवर बायकांना मज्जाव होता, म्हणून ती पुरुषाच्या वेषात, वनस्पतिशास्त्रज्ञाची मदतनीस म्हणून बुगँव्हिल या दर्यावर्दीच्या पृथ्वीप्रदक्षिणेच्या मोहिमेत सामील झाली. ती मोहीम १७६६ मध्ये निघाली होती. पृथ्वीची फेरी पुरी केलेली, आपल्याला माहीत असलेली ती पहिली स्त्री. मी चिडले होते. तुम्ही एवढंच म्हणालात, "चीड, पण साल लक्षात ठेव. वाद घालताना उपयोगी पडतं." पडलं, ताई. पुष्कळदा पडलं.

नकाशांपेक्षाही मोठं देणं तुम्ही नंतर दिलंत. दिनक्रमाविषयी माझी कुरकुर ऐकून एकदा तुम्ही रेघांचा कागद दिलात: एक आठवडा, घरातलं प्रत्येक माणूस, प्रत्येक तास. कोण काय करतंय तेवढंच लिहायचं, मत लिहायचं नाही. मी लिहीत गेले. बाबांच्या आणि भावाच्या रकान्यात संध्याकाळचे तास मोकळे राहिले. माझ्या रकान्यात थोडे राहिले. आईच्या रकान्यात एकही मोकळा चौकोन नव्हता. टीव्ही बघतानासुद्धा ती कपड्यांच्या घड्या घालत होती आणि उद्या कोणाला काय लागेल ते विचारत होती. हे मी रोज पाहत होते, पण कागदावर उतरेपर्यंत मला ते दिसलं नव्हतं.

मग तुम्ही आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा २०१८ सालचा अहवाल काढून दिलात. जगभरात घरकामाचे आणि सांभाळण्याचे जे बिनपगारी तास भरतात त्यातले ७६.२ टक्के बायका भरतात. दिवसाचा हिशोब बायकांचा ४ तास २५ मिनिटं, पुरुषांचा १ तास २३ मिनिटं. त्या दिवशी घरी जाताना मला माझ्या वेळापत्रकाचा राग आला नाही. ते कंटाळवाणं होतं, पण त्याला सुट्टी होती, त्याला शेवट होता. भटकायला मोकळा वेळ लागतो, आणि कुणाच्या तरी मोकळ्या वेळाची किंमत घरातलं दुसरं कुणीतरी आपल्या तासांनी मोजत असतं. भटकंतीवर लिहिणारे एवढे लोक याबद्दल एक ओळही का लिहीत नाहीत, हे मला अजून कळलेलं नाही.

आता कॉलेजच्या क्षेत्रभेटीबद्दल, म्हणजे अभ्यासासाठी बाहेरगावी मुक्कामी जायच्या त्या आठवड्याबद्दल. मुलींची जबाबदारी कोण घेणार, असा प्रश्न निघाला आणि आमची नावं गळणार अशी चिन्हं दिसू लागली. घरीही तोच सूर होता. तुम्ही दुपारची जेवणाची सुट्टी माझ्यासोबत घालवलीत आणि एक पानभर आराखडा करून घेतलात. मुक्काम कुठे, अंधार पडायच्या आत कसं पोहोचणार, कागदपत्रांच्या प्रती कुणाकडे, पैसे दोन ठिकाणी कसे ठेवणार, रोज किती वाजता फोन करणार. शेवटची ओळ तुमची होती: "माझ्या वाटणीची घरातली कामं त्या आठवड्यात कोण करणार." त्यापुढे मी भावाचं नाव लिहिलं. तो कागद बाबांनी दोनदा वाचला. परवानगी मिळाली, आणि बाकीच्या मुलींनीही तोच कागद आपापल्या घरी दाखवला.

त्या भेटीत मला एक गंमत कळली. प्रवास ठरलेल्या सवयींवरच चालतो. पहाटे उठणं, रात्री कपडे धुऊन वाळत घालणं, सामान मोजणं, उजेड असेपर्यंतचं काम आधी उरकणं. ज्या शिस्तीला मी कंटाळले होते तीच अनोळखी ठिकाणी पाय रोवून उभं राहायला कामी आली. दिनक्रम आता मला खुपत नाही. तो एकाच माणसाच्या गळ्यात पडतो, ते खुपतं.

अर्थात रस्त्यावर दिवे नसतील, उशिराची गाडी नसेल, वाटेत स्वच्छ शौचालय नसेल, तर नीटनेटका आराखडा पुरत नाही, आणि मुलींनीच जपून राहावं हे उत्तर मला मान्य नाही. ये-जा करण्याचं स्वातंत्र्य मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याच्या १३ व्या कलमात प्रत्येक माणसाला दिलेलं आहे. १९४८ च्या त्या मसुद्यात 'सर्व पुरुष' ऐवजी 'सर्व मानव' असं यावं यासाठी भारताच्या प्रतिनिधी हंसा मेहता भांडल्या, हेही मला तुमच्याचकडून कळलं. मी पुढे वाहतूक नियोजन शिकायला अर्ज केला आहे. मुलाखतीत याच विषयावर बोलले.

घरची खबर सांगायची राहिली. क्षेत्रभेटीनंतर भावाकडे आलेली कामं त्याच्याकडेच राहिली. सुरुवातीला धुसफूस झाली, आता तो न सांगता करतो. रविवारचा स्वयंपाक बाबा करतात. गेल्या महिन्यात आई मैत्रिणींबरोबर फिरायला गेली, मुक्कामी. परत आल्यावर तिने हे कुणाच्या डोक्यातून निघालं ते विचारलं, तेव्हा मी तुमचं नाव सांगितलं. तिला तुम्हाला भेटायचं आहे. तुमची सुट्टी कोणत्या वारी असते ते कळवा, आम्ही दोघी येतो.

तुमची,
एक वाचक