मा. शालेय शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र : यॉर्कटाउनसोबत ओरान्येस्टाडची पेठही शिकवू द्या

मा. शालेय शिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य, यांस
स.न.वि.वि.

माध्यमिक शाळेत मी २७ वर्षे इतिहास शिकवला. अमेरिकेचे स्वातंत्र्ययुद्ध आले की फळ्यावर बोस्टन, फिलाडेल्फिया, यॉर्कटाउन लिहायचो. एका वर्षी एका मुलीने विचारले, "सर, ब्रिटिशांनी माल अडवला, मग यांच्या तोफांना दारू कुठून यायची?" मला उत्तर देता आले नाही. ते नंतर वाचनात सापडले.

कॅरिबियन समुद्रात सेंट युस्टेशियस हे जेमतेम २१ चौरस किलोमीटरचे डच बेट आहे. तिथले गाव ओरान्येस्टाड. कड्याखाली किनाऱ्यालगत वखारींची लांबच लांब रांग आणि जकात जवळजवळ नाहीच, म्हणून सगळ्या देशांची गलबते तिथे येत. हॉलंडने बंदी घातली असतानाही याच पेठेतून बंदुका आणि दारूगोळा बंडखोर वसाहतींकडे जात राहिला. १६ नोव्हेंबर १७७६ रोजी 'अँड्र्यू डोरिया' हे बंडखोर वसाहतींच्या काँग्रेसचे जहाज बंदरात आले, तेव्हा गव्हर्नर योहानेस द ग्राफ यांच्या हुकमाने किल्ल्यावरून तोफांची सलामी झाली. बंडखोरांच्या जहाजाला असा मान दिल्याने लंडन खवळले.

३ फेब्रुवारी १७८१ रोजी ब्रिटिश अॅडमिरल रॉडनीने बेट घेतले. त्याने किल्ल्यावर डच झेंडा महिनाभर तसाच फडकत ठेवला आणि त्याला भुलून आत येणारी जहाजे पकडली. ज्यू व्यापाऱ्यांना बायकामुलांपासून तोडले, कपड्यांची अस्तरे उसवून पैसे काढून घेतले, काहींना हद्दपार केले. खासदार एडमंड बर्कने ब्रिटिश पार्लमेंटमध्ये याचा जाब विचारला. हा भाग वाचताना मी पुस्तक मिटून बसलो होतो. रॉडनी लुटीत गुंतला आणि अमेरिकनांच्या बाजूने लढणाऱ्या फ्रेंच आरमाराला मोकळीक मिळाली, असे अनेक इतिहासकार मानतात. त्याच आरमाराने सप्टेंबरमध्ये चेसापीक उपसागराचे तोंड अडवले आणि ऑक्टोबरमध्ये ब्रिटिश सेनापती कॉर्नवॉलिस यॉर्कटाउनला शरण आला.

हाच कॉर्नवॉलिस १७८६ मध्ये गव्हर्नर जनरल होऊन हिंदुस्थानात आला. आपली मुले त्याला जमीनमहसुलाच्या कायमधाऱ्यामुळे ओळखतात. इंग्रज अमेरिकेत गुंतले होते त्याच काळात, जानेवारी १७७९ मध्ये, मराठ्यांनी त्यांना वडगावला शरण आणले. हे दोन धडे मुलांना जोडून शिकवले पाहिजेत, असे मला मनापासून वाटते.

साहेब, माझी मागणी लहान आहे. स्वातंत्र्ययुद्धाच्या धड्यात या पेठेला दहा ओळी आणि नकाशात एक ठिपका द्यावा. गावाला देव्हाऱ्यात बसवू नये. तिथले व्यापारी नफ्यासाठी दारूगोळा विकत होते आणि त्याच बंदरात गुलाम म्हणून माणसांचीही खरेदी-विक्री होत होती. तो उल्लेख कृपया गाळू नये. दहा ओळींचा मसुदा सोबत जोडला आहे.

आपला,
एक निवृत्त इतिहासशिक्षक