जोडणी विकत घेण्यापूर्वी नोंदींची मालकी ठरवा

प्रति,
माननीय संपादक,

विषय : कारखान्यांतील वेगवेगळ्या संगणकप्रणालींची जोडणी

महोदय,

कोल्हापूर परिसरातील फौंड्र्या (धातूचे ओतकाम करणारे कारखाने) आणि मशीनशॉप यांच्या दारात सध्या सॉफ्टवेअर विकणाऱ्यांची वर्दळ वाढली असून ‘तुमच्या सगळ्या प्रणाली एकमेकींशी जोडून देऊ’ हे वाक्य त्यांच्या कोटेशनमध्ये हमखास आढळते. त्यासाठी मोजावी लागणारी रक्कम लहान कारखानदाराला जड जाते. तरीही जोडणी कशाला म्हणायचे, ती नीट चालली आहे हे कसे ओळखायचे आणि बिघडली तर जबाबदार कोण, याविषयी बहुतेक व्यवहारांत काहीच लिहून घेतले जात नाही. कारखान्यांत हिशेब आणि साठ्याच्या प्रणाली बसवण्याचे काम मी करतो. त्या अनुभवातून काही मुद्दे आपल्या वाचकांसमोर, आणि विशेषतः येथील उद्योजक संघटनांसमोर, मांडावेसे वाटतात.

शिरोली किंवा गोकुळ शिरगाव येथील मध्यम आकाराच्या एखाद्या फौंड्रीत किती प्रणाली नांदतात ते पाहावे. गेटवरच्या वजनकाट्याचे सॉफ्टवेअर वेगळे, प्रयोगशाळेत स्पेक्ट्रोमीटरला जोडलेल्या संगणकात प्रत्येक हीटचे (म्हणजे भट्टीतील एका वितळणीचे) कार्बन, सिलिकॉन, मँगनीजचे प्रमाण साठते ते वेगळे, हजेरीचे बायोमेट्रिक यंत्र वेगळे, पगारपत्रक वेगळे, उत्पादन व साठ्यासाठी कुठे ईआरपी (सर्व विभागांचे एकत्रित सॉफ्टवेअर) तर कुठे एक्सेलच्या फाइली, हिशेबाला टॅली आणि या सर्वांच्या पलीकडे पुण्याच्या ग्राहक कंपनीचे पुरवठादारांसाठीचे पोर्टल. यांतील प्रत्येक वस्तू वेगळ्या वर्षी, वेगळ्या गरजेपोटी आणि वेगळ्या विक्रेत्याकडून आलेली असते. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला, २०१८ मध्ये मालवाहतुकीसाठीचे ई-वे बिल आले आणि ऑक्टोबर २०२० मध्ये ५०० कोटींवरील उलाढालीच्या उद्योगांना लागू झालेले ई-इनव्हॉइस (सरकारी पोर्टलवर बिल नोंदवण्याची पद्धत) टप्प्याटप्प्याने खाली उतरत १ ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटींवरील उलाढालीपर्यंत पोहोचले. या शेवटच्या टप्प्यात आपल्याकडचे अनेक लहान कारखाने आले. तोवर दोन प्रणालींमधील जोडणी म्हणजे पेनड्राइव्ह घेऊन वरच्या मजल्यावर जाणारा एक क्लार्क होता आणि खरे सांगायचे तर तो बऱ्यापैकी काम करत होता, कारण चुकीची नोंद दिसली की तो थांबून विचारत असे.

एक्सेलची फाइल मात्र थांबत नाही आणि विचारतही नाही. ई-वे बिलाचा क्रमांक बारा अंकी असतो. एक्सेल तो आपल्या मर्जीने संक्षिप्त घातांकी रूपात दाखवते आणि ती फाइल त्याच अवस्थेत सीएसव्ही (नुसत्या मजकुराची फाइल) म्हणून जतन केली की मूळ क्रमांक हातचा जातो. कामगाराच्या बँक खात्याच्या सुरुवातीची शून्ये गळतात. खाते क्रमांक सोळा अंकी असेल तर शेवटचा अंक शून्य होऊन बसतो, कारण एक्सेल पंधरा अंकांपलीकडे नेमकेपणा राखत नाही. तारखांचा प्रकार तर अधिकच फसवा आहे. संगणकाची मांडणी अमेरिकी पद्धतीची राहून गेली असेल, तर महिन्याच्या पहिल्या बारा तारखांत दिवस आणि महिना यांची गुपचूप अदलाबदल होते. तेराव्या तारखेपासून पुढच्या नोंदी नुसता मजकूर म्हणून तशाच राहतात. वरवर चाळणाऱ्याला महिन्याच्या उत्तरार्धातील तारखा बरोबर दिसतात आणि त्या भरवशावर पूर्वार्धही बरोबर धरला जातो.

यावर उपाय म्हणून ‘सगळे काढून एकच मोठी प्रणाली घ्या’ असा सल्ला मिळतो. मला तो लहान कारखान्यासाठी पटत नाही. स्पेक्ट्रोमीटरचे सॉफ्टवेअर त्याच्या निर्मात्याचेच राहणार, सरकारी पोर्टल सरकारचे आणि ग्राहकाचे पोर्टल ग्राहकाचे राहणार. म्हणजे एक मोठी प्रणाली घेतली तरी सांधे उरतातच. शिवाजी उद्यमनगरात ऑइल इंजिनाचे भाग वेगवेगळ्या वर्कशॉपमध्ये होत आणि तरीही जुळणीच्या वेळी एकमेकांत बसत. त्यासाठी सर्वांकडे एकाच कंपनीचे लेथ असावे लागले नाही, ड्रॉइंग आणि गेज एक असले की पुरे होत असे. सॉफ्टवेअरच्या बाबतीत हे ड्रॉइंग कागदावर काढण्याचे काम आपण सोडून देतो आणि थेट जुळणीला बसतो.

या ड्रॉइंगमधली पहिली आणि सर्वांत दुर्लक्षित रेघ म्हणजे नोंदीची मालकी. ग्राहकाचे नाव, पत्ता आणि जीएसटी क्रमांक हिशेब विभागाने बदलायचा. पार्ट नंबर, ड्रॉइंगची आवृत्ती आणि नगाचे वजन उत्पादन विभागाने. हीटचे रासायनिक प्रमाण प्रयोगशाळेने. बाकीच्यांनी ते वाचावे, वापरावे, पण त्यात हात घालू नये. हे ठरवलेले नसेल तर काय होते ते एका फौंड्रीत जवळून पाहिले. बिडाच्या एका कास्टिंगचा पॅटर्न (साच्याचा नमुना) दुरुस्त झाला, नगाचे वजन काही ग्रॅमने वाढले आणि उत्पादनाच्या प्रणालीत ते बदललेही गेले. परंतु वजन टॅलीच्या आयटम मास्टरमध्येही (वस्तूंच्या मूळ यादीतही) हाताने भरलेले होते आणि रात्री चालणाऱ्या जोडणीत टॅलीकडून उत्पादनाकडे जाणारी माहिती शेवटी येत होती. परिणामी दिवसा केलेला बदल रात्री पुसला जाई. भाव किलोवर ठरलेला असल्याने माल नव्या वजनाचा आणि बिल जुन्या वजनाचे, असा व्यवहार महिनोन्महिने चालला. सॉफ्टवेअरमध्ये कोणताही बिघाड नव्हता. जोडणीने जे सांगितले ते चोख केले होते.

मालकीच्याच पोटात ओळखीचा प्रश्न येतो. आपल्याकडे एकाच गावात एकाच नावाचे, एकाच वडिलांच्या नावाचे दोन-तीन पाटील सहज निघतात. साखर कारखाने आणि दूध संस्था सभासदाला क्रमांक देतात ते उगाच नाही. तरीही कारखान्यांतील कित्येक जोडण्या ग्राहकाच्या नावावरून नोंदी जुळवतात आणि ‘इंडस्ट्रीज’ एका ठिकाणी पूर्ण व दुसरीकडे संक्षिप्त लिहिले की एकाच ग्राहकाची दोन खाती तयार होतात. जुन्या मराठी फाँटमध्ये भरलेली नावे युनिकोडमध्ये नीट न आणता जोडणी केली तर काय दिसते, ते ज्यांनी पाहिले आहे त्यांना वेगळे सांगायला नको.

दुसरा मुद्दा एकच नोंद दोनदा जाण्याचा. इंटरनेट किंवा वीज नेमकी एका प्रणालीने दुसरीला निरोप (म्हणजे नोंद) पाठवल्यानंतर आणि उत्तर येण्यापूर्वी जाते, ही आपल्याकडे नित्याची गोष्ट आहे. पाठवणाऱ्या प्रणालीला उत्तर मिळालेले नसते, म्हणून ती पुन्हा पाठवते, आणि तसे करणे योग्यही आहे. प्रश्न घेणाऱ्या बाजूचा आहे. ई-इनव्हॉइसच्या सरकारी व्यवस्थेने हा प्रश्न कसा सोडवला आहे ते पाहण्यासारखे आहे. पुरवठादाराचा जीएसटी क्रमांक, आर्थिक वर्ष, दस्तऐवजाचा प्रकार आणि दस्तऐवजाचा क्रमांक या चार गोष्टींवरून गणिताने ६४ अक्षरांचा आयआरएन (बिलाचा नोंदणी क्रमांक) तयार होतो. तेच बिल पुन्हा पाठवले तर तोच आयआरएन निघतो आणि पोर्टल दुसरी नोंद न करता ‘हे आधीच नोंदले आहे’ असे कळवते. सरकारी पोर्टलांविषयी आपण पुष्कळ तक्रारी करतो, पण ही रचना शहाणपणाची आहे. याच्या उलट, कारखान्यातील वजनकाट्याकडून साठ्याच्या प्रणालीत येणाऱ्या नोंदीला अनेक ठिकाणी स्वतःचा क्रमांकच नसतो. ती दोनदा आली की भंगाराचा एक ट्रक कागदोपत्री दोन होतो आणि वर्षअखेरीस साठा जुळत नाही म्हणून यार्डात पुन्हा मोजमाप करावे लागते.

यात एक बारकावा आहे. आयआरएन ज्या चार गोष्टींवरून निघतो त्यांत बिलाची रक्कम नाही. म्हणजे त्याच क्रमांकाचे बिल रक्कम बदलून पाठवले तरीही उत्तर ‘आधीच नोंदले आहे’ असेच येणार. अशा वेळी काही जोडण्या ते उत्तर यश समजून पुढे जातात; टॅलीत नवी रक्कम आणि सरकारकडे जुनी, असे दोन खरे तयार होतात. क्रमांक तोच आणि आतला तपशील वेगळा असेल, तर जोडणीने जागीच थांबून माणसाला विचारले पाहिजे. विक्रेत्याला प्रात्यक्षिक मागताना मी नेहमी हेच दाखवायला सांगतो आणि तेथेच बहुतेकांची गाडी अडते.

तिसरा मुद्दा अपयश दिसण्याचा. निरोप पोहोचला नाही तर तो हरवता कामा नये; अडकलेल्या निरोपांची वेगळी यादी हवी, पुन्हा पाठवण्याचे प्रयत्न थोड्या थोड्या अंतराने व्हावेत आणि ठरावीक प्रयत्नांनंतर तो निरोप त्या यादीत कारणासह दिसावा. ही यादी रोज सकाळी कोण पाहणार त्या व्यक्तीचे नाव ठरलेले हवे. ‘आयटीवाला बघेल’ हे उत्तर पुरेसे नाही, कारण लहान कारखान्यात आयटीवाला आठवड्यातून एकदा येतो. १ एप्रिल २०२५ पासून १० कोटी व त्याहून अधिक उलाढालीच्या उद्योगांना बिलाच्या तारखेपासून ३० दिवसांत ई-इनव्हॉइस नोंदवावेच लागते. त्यानंतर पोर्टल ते स्वीकारत नाही. कुणाच्या नजरेस न पडता महिनाभर अडकून राहिलेले बिल ग्राहकाच्या जीएसटीआर-२बीमध्ये (मिळू शकणाऱ्या करवजावटीच्या विवरणात) येत नाही आणि ग्राहक कंपनी कराची रक्कम रोखून धरते. शिवाय निरोपांचा क्रमही उलटसुलट होऊ शकतो: बिल रद्द केल्याची सूचना बिलाच्या आधी पोहोचली, तर ती निरर्थक म्हणून टाकून न देता बिल येईपर्यंत राखून ठेवली गेली पाहिजे.

एवढे सगळे केले तरी रोजचा ताळमेळ टाळता येत नाही. दोन्ही बाजूंच्या बिलांची संख्या, करपात्र रक्कम आणि एकूण वजन, हे तीन आकडे दिवसाअखेरीस समोरासमोर ठेवावेत. जॉबवर्कमध्ये, म्हणजे माल दुसऱ्याकडे प्रक्रियेसाठी पाठवून परत घेण्याच्या कामात, याची गरज सर्वाधिक आहे. समजा, शिरोलीच्या फौंड्रीने मशीनशॉपला ४०० नग चलनावर (मालासोबतच्या पाठवणीच्या कागदावर) पाठवले. ३८५ चांगले परत आले, ९ रिजेक्ट झाले, तर ६ नग कुठे आहेत हे दोन्हीकडच्या प्रणालींना एकसारखे सांगता आले पाहिजे. प्रत्यक्षात फौंड्री किलोत मोजते, मशीनशॉप नगात मोजतो, मशिनिंगमध्ये निघालेला कीस कुणाच्याच खात्यात नसतो, आणि चलनाचा क्रमांक मशीनशॉपच्या बिलावर लिहिण्याचे राहून गेलेले असते. जॉबवर्कसाठी पाठवलेला माल वर्षाच्या आत परत आला नाही, तर तो पाठवल्या दिवशीच पुरवठा झाला असे कायदा धरतो आणि कर व्याजासह भरावा लागतो. हे सहा नग म्हणूनच किरकोळ नाहीत.

विक्रेते कधी कधी एक जवळची वाट सुचवतात, ती म्हणजे दुसऱ्या प्रणालीच्या डेटाबेसमध्ये थेट नोंद लिहिण्याची. ती टाळावी. मूळ सॉफ्टवेअर ज्या तपासण्या करते त्या सर्व वगळल्या जातात, आणि त्याची पुढची आवृत्ती आली की जोडणी मोडते. जोडणीला अ‍ॅडमिनचा पासवर्ड देणेही तितकेच चूक आहे. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाचा माग राहणे बंधनकारक आहे; त्या मागात सगळीकडे ‘अ‍ॅडमिन’ एवढेच दिसू लागले, तर लेखापरीक्षकाला माणसाने केलेला बदल कोणता आणि जोडणीने केलेला कोणता, हे कळणार नाही. जोडणीसाठी स्वतंत्र नाव, तेही लागतील तेवढ्याच अधिकारांचे, द्यावे.

हे सर्व एकेका कारखानदाराने विक्रेत्याशी भांडून मिळवणे अवघड आहे. कोल्हापूर इंजिनिअरिंग असोसिएशन, स्मॅक, गोशिमा आणि मॅक या संघटनांनी एकत्र बसून दोन गोष्टी कराव्यात, अशी माझी विनंती आहे. पहिली म्हणजे जॉबवर्क चलनाचा एक समान नमुना: चलन क्रमांक, पार्ट नंबर, ड्रॉइंगची आवृत्ती, हीट नंबर, नग आणि वजन ही दोन्ही मापे आणि परतीच्या चलनावर मूळ चलनाचा उल्लेख सक्तीचा. हा नमुना कागदावर आणि फाइलच्या स्वरूपात एकच असावा, म्हणजे शिरोलीचे चलन गोकुळ शिरगावात किंवा कागलमध्ये पुन्हा टंकावे लागणार नाही. दुसरी म्हणजे सॉफ्टवेअर खरेदीच्या करारासाठी एक आदर्श मसुदा, ज्यात स्वतःचा संपूर्ण डेटा वाचनीय स्वरूपात केव्हाही काढून घेण्याचा हक्क, जोडणीची लेखी माहिती, अडकलेल्या नोंदींची यादी आणि नोंद दोनदा पाठवून घेतलेली चाचणी या अटी असतील. चाचणी पार पडेपर्यंत शेवटचा हप्ता राखून ठेवण्याची तरतूदही असावी. हा मसुदा तपासायला आणि चलनाचा नमुना चालवून पाहायला केआयटी किंवा इचलकरंजीच्या डीकेटीई या अभियांत्रिकी महाविद्यालयांतील शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी मदत करू शकतील. त्यांनाही प्रकल्पासाठी खरी चलने मिळतील. सुरुवातीला दोन फौंड्र्या आणि त्यांचे चार-पाच मशीनशॉप तयार झाले तरी तिमाहीभरात नमुन्यातले दोष कळतील आणि त्यासाठी लागणारी तांत्रिक मदत मी विनामूल्य करायला तयार आहे.

आपला विश्वासू,
एक वाचक
राजारामपुरी, कोल्हापूर