तेरच्या त्रिविक्रम मंदिरातल्या गुरवमामांना

गुरवमामा, नमस्कार.

तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं. दिवाळीनंतर एका भर दुपारी मी आणि अण्णा तेरला आलो, तेव्हा दाराला कुलूप होतं आणि तुम्ही जेवत होतात. ताट सारून, हात धुऊन तसेच किल्ली घेऊन आलात.

अण्णांनी ४० वर्षं गवंडीकाम केलंय. एक पाय आभाळाकडे उचललेल्या त्रिविक्रमाला त्यांनी हात जोडले, पण लक्ष सगळं भिंतीकडं. तुम्ही ते हेरलंत. म्हणालात, "मागनं चला, खरं बघायचं तिकडंच हाय."

मागे गेलो, तर भिंतीला कोपराच नाही! अर्धगोल वळलेली भिंत, वर हत्तीच्या पाठीसारखं छत, आणि सगळं विटांचं. अजिंठ्याच्या चैत्यगृहांत, म्हणजे बौद्धांच्या प्रार्थनेच्या लेण्यांत, हाच आकार डोंगर कोरून काढलाय. इथं तो सुमारे दीड हजार वर्षांपूर्वी वीट वीट रचून उभा केला. मूळचं बौद्ध चैत्य की पहिल्यापासून विष्णूचंच देऊळ, यावर अभ्यासकांचं अजून एकमत नाही. मागच्या त्या वळणाकडं बघून मला तरी चैत्यच वाटतं.

अण्णांनी सांध्यावरून अंगठा फिरवला आणि बराच वेळ गप्प राहिले. १९९३ च्या भूकंपानंतर त्यांनी किल्लारीकडं कितीतरी घरं बांधली. दगडमातीच्या हातभर रुंद भिंती कशा ढासळल्या, ते त्यांनी डोळ्यांनी पाहिलंय. "आन ही उभी हाय," एवढंच म्हणाले.

मग तुम्ही तेरला सापडलेल्या, पाण्यावर तरंगणाऱ्या विटांची गोष्ट काढलीत. अण्णा लगेच म्हणाले, "मातीत भाताचा तूस घातला आसंल. भट्टीत तूस जळतो, वीट आतनं पोकळ व्हती." पुढचा तासभर तुम्ही दोघं कट्ट्यावर बसून माती, भट्टी आणि गोरोबाकाकांच्या चाकाबद्दल बोलत होतात. पैठणहून दहा दिवसांच्या वाटेवरचं मोठं शहर म्हणून ज्या तगरचं नाव ग्रीक व्यापाऱ्यानं लिहून ठेवलं, ते हेच गाव, हे मी पुस्तकात वाचलं होतं. त्या गावच्या कारागिरांशी अण्णांची गाठ मात्र तुम्ही घालून दिलीत. मामा, फार फार आभार.

काम सुटल्यापासून अण्णा घरात फारसं बोलत नव्हते. आता येईल त्याला त्या वळणाची गोष्ट सांगतात. त्या दिवशी भिंतीचा सरळपणा बघायचा ओळंबा जवळ नव्हता, ही हळहळ त्यांना अजून आहे. काल त्यांनी तो माळ्यावरून काढला, नवी दोरी ओवली आणि पिशवीत ठेवला. चैत्रात गोरोबाकाकांच्या यात्रेला येतोय. या वेळी मात्र तुमचं जेवण झाल्यावर.

तुमची,
मुरूडच्या गवंड्याची लेक