पूर्वसंमती दिलीत, अनुदान कुठे आहे? कृषिमंत्र्यांना खुले पत्र

मा. कृषिमंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,
स. न. वि. वि.

ट्रॅक्टर घ्या, अनुदान देऊ, अशी आपल्या खात्याची पूर्वसंमती मिळाली, त्या भरवशावर ट्रॅक्टर घेतला. कर्ज काढलं, बिल पोर्टलवर चढवलं, मोका तपासणी झाली, ट्रॅक्टरशेजारी उभं करून माझा फोटोही काढून नेला. परवा कार्यालयात गेलो तर म्हणाले, निधी नाही, थांबा. साहेब, फायनान्सवाला थांबत नाही. पहिल्या सहामाही हप्त्याला घरातली बोरमाळ गेली. ती माझ्या आईची होती. तिने विचारलं, सरकारचे पैसे आले का, तर मला मान वर करता आली नाही.

अल्पभूधारकाला सव्वा लाखापर्यंत अनुदान, असं तुमचीच योजना सांगते. आधी सगळी रक्कम शेतकऱ्याने उभी करायची, मग सरकार देणार. जवळ एवढा पैसा असता तर अर्ज कशाला केला असता? २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला, त्याची केवढी जाहिरात झाली! आम्ही त्याआधीच १२ टक्के भरून बसलोय. अर्जांतून शेतकरी निवडायची सोडत बंद करून आता पहिल्या अर्जाला पहिलं प्राधान्य म्हणता. अर्ज पहिला असून पैसे मिळत नसतील तर ते प्राधान्य कसलं?

आमचं रान किर्लोस्करवाडीच्या शिवेला आहे. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांना औंधच्या पंतप्रतिनिधींनी या निवडुंगाच्या माळावर जागा दिली आणि इथून लोखंडी नांगर गावोगाव गेले. पहिल्या महायुद्धात लोखंड मिळेना, तेव्हा शाहू महाराजांनी नांगरांसाठी जुन्या तोफा दिल्या. संस्थानिकांना जे कळलं ते लोकांनी निवडून दिलेल्यांना का कळू नये?

पंजाब बघा. दुर्गापूरच्या सरकारी संस्थेत देशी ट्रॅक्टरचा आराखडा तयार झाला. पंजाब सरकारने १९७० साली कंपनी काढली आणि १९७४ मध्ये मोहालीत ‘स्वराज ७२४’ तयार झाला, कुठल्याही परदेशी कंपनीच्या परवान्याशिवाय. एका राज्याने मनावर घेतलं म्हणून हे झालं. पुढे त्याच सरकारने आपला हिस्सा विकला, २००७ मध्ये कंपनी महिंद्राकडे गेली. हरियाणातल्या पिंजोरला केंद्र सरकारच्या एचएमटी कंपनीचे ट्रॅक्टर १९७१ पासून बनत होते, तो कारखाना बंद करायचा निर्णय केंद्राने २०१६ मध्ये घेतला. कारखाने चालवणं सरकारचं काम नाही, असं आम्हाला सांगतात. ठीक आहे. मग दिलेल्या पत्राचे पैसे देणं तरी सरकारचं काम आहे की नाही? निवडणुकीच्या तोंडावर घोषणांना निधी सापडतो, आमच्या फाइलवर येतानाच तो कुठे अडतो?

पूर्वसंमती देतानाच त्या शेतकऱ्याची रक्कम बाजूला काढून ठेवा. तपासणीनंतर पैसे कोणत्या तारखेपर्यंत मिळणार, हे त्याच पत्रावर छापा. हप्ता चुकला की आम्हाला दंडव्याज लागतं. तारीख चुकली तर तेच व्याज तुमच्या खात्याने भरावं. आणि माझ्या अर्जाचं काय झालं, याचं लेखी उत्तर द्या.

आपला,
पलूस तालुक्यातला एक ऊस उत्पादक