गाडी सुरू झाली, अण्णा

कोव्हेंट्री,
१४ सप्टेंबर २०२५

तीर्थरूप अण्णा आणि सौ. आई यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

आम्ही तिघं खुशाल आहोत, काळजी नसावी. दादाने पाठवलेले गौरी-गणपतीचे फोटो सगळे बघितले. गौरीला नेसवलेली हिरवी साडी सईला फार आवडली. नोकरीचं, घरचं तुम्हाला ठाऊकच आहे, ते पुन्हा लिहीत नाही. फोनवर अण्णांना नीट ऐकू येत नाही आणि गाडीचा विषय निघाला की आई ‘पुरे झालं आता’ म्हणते, म्हणून हे सगळं कागदावर. दादा, मोठ्याने वाचून दाखव.

तर अण्णा, सई आणि मी गॅरेजमध्ये दुरुस्त करत होतो ती जुनी लँड रोव्हर गाडी सुरू झाली. गेल्या रविवारी, हँडल मारून. स्टार्टर आहे, बॅटरीही नवी आहे, पण सईने हट्टच धरला की पहिल्यांदा आजोबांसारखं हँडल मारायचं. तुम्ही सांगितलं होतं तसा अंगठा तिने बोटांच्याच बाजूला ठेवला, दांड्याला वेढा घातला नाही, कारण इंजिनाने उलटा झटका दिला तर पहिला अंगठा जातो. सुरुवातीला नुसतंच फुरफुरलं. मग चोक थोडा ओढला, तिने पुन्हा खालून वर हँडल खेचलं आणि इंजिनाने धरलं! सगळ्या गॅरेजभर धूर झाला. पोरगी नाचायची तेवढी राहिली होती.

आई, तू मागे म्हणालीस की मुलीच्या हातात पाने कशाला, अभ्यासाचं काय. अभ्यास व्यवस्थित चालला आहे. काम फक्त सुट्टीच्या दिवशी होतं. हातमोजे आणि चष्मा घातल्याशिवाय ती कशालाही हात लावत नाही. जॅकवर गाडी उचलली की लोखंडी स्टँड लावेपर्यंत मी तिला खाली जाऊ देत नाही. वेल्डिंग सगळं कारागिराकडून करून घेतलं. या गाडीत पेट्रोलची टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली असते, ती आम्ही सगळ्यात आधी रिकामी करून काढून ठेवली. ब्रेकच्या जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असतं, म्हणून ड्रममधली धूळ फुंकर मारून उडवायची नाही, ओल्या फडक्याने पुसून घ्यायची, हेही तिला पाठ आहे. अण्णा, तुम्ही इतकी वर्षं ड्रम फुंकूनच साफ केलेत. तुमचा खोकला एकदा कराडला छातीच्या डॉक्टरांना दाखवून घ्या. सहज लिहितोय, मनात काही आणू नका. खर्चाचं मी बघतो.

गाडी म्हणजे लँड रोव्हर, सिरीज टू ए, १९७० सालची. जिथे ती बनली ते सोलिहल आमच्यापासून अर्ध्या तासावर आहे. एक गोष्ट मला इथे आल्यावर कळली आणि कधीपासून तुम्हाला सांगायची होती. रोव्हर कंपनीच्या मॉरिस विल्क्स यांच्याकडे अँगलसी बेटावरच्या शेतावर लढाईतून उरलेली विलीज जीप होती. ती झिजत आली तेव्हा त्यांनी ठरवलं की असली गाडी आपणच बनवावी. १९४७ साली पहिला नमुना केला तो जीपच्याच चासीवर, म्हणजे खालच्या सांगाड्यावर, आणि १९४८ च्या एप्रिलमध्ये गाडी ॲमस्टरडॅमच्या प्रदर्शनात मांडली. आपल्याकडे महिंद्रांनी मुंबईत विलीज जीप जोडायला घेतली तीही १९४७ सालीच. म्हणजे तुमची वडापची, भाड्याने माणसं नेणारी जीप आणि ही गाडी सख्ख्या मावसबहिणी.

लढाईनंतर इथे पोलादावर रेशन होतं, म्हणून बॉडी ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची केली. बॉडी गंजत नाही, खालची पोलादी चासी मात्र आतून पोखरली जाते. हिवाळ्यात बर्फ धरू नये म्हणून रस्त्यांवर मीठ टाकतात, त्याने जास्तच. आमच्या गाडीची चासी तर पाना मारला की आत जात होती. ती पूर्ण बदलली आणि जस्ताचा मुलामा दिलेली नवी बसवली. तो खर्च मोठा झाला, लपवत नाही. पण बाकी गाडी नटबोल्टवर उभी आहे, पाने घेऊन बसलं की सगळी सुटी होते, आणि पन्नास-पंचावन्न वर्षांनंतरही बहुतेक पार्ट नवे मिळतात.

सगळ्यात जास्त रडवलं ते पाट्यांनी, म्हणजे चाकांवरच्या पोलादी स्प्रिंगांनी. पाट्याच्या बुशमध्ये बोल्ट गंजून एकजीव झाले होते. तेल सोडून ठेवलं, दिव्याने तापवलं, ढिम्म. मी करवत घेऊन कापायच्याच बेतात होतो, तेवढ्यात तुम्ही व्हिडिओवरून सईला म्हणालात, ‘आधी जरा आवळ, मग सोड.’ मला ते सुचलंच नव्हतं. तिने पान्याच्या दांड्यावर नळी चढवली, अंगाचा भार देऊन केसभर आवळला, आतून कर्र असा आवाज आला आणि मग बोल्ट उलटा फिरायला लागला. मागचा उजवा शेवटी कापावाच लागला, पण बाकीचे निघाले. निघालेला प्रत्येक बोल्ट तिने डब्यात घालून वर मराठीत चिठ्ठी लावली आहे: ‘डावा पाटा, पुढचा’, ‘फाळका, वरचा’. पाटा आणि फाळका (गाडीचं मागचं दार) हे शब्द मी तिला शिकवले नव्हते, ते तुमच्याकडून आले. अण्णा, आईला जो वेळ वाया गेलासा वाटतो ना, त्यात हे झालं आहे. मला याची फार किंमत आहे.

आता इथली एक रीत सांगतो, ती तुम्हाला पटणार नाही. इथे लोक सुट्टीच्या दिवशी कच्चे रस्ते शोधत जातात. खरंच! पूर्वीच्या बैल-घोडागाड्यांच्या काही वाटांवर डांबर पडलंच नाही, पण त्यांवरून वाहन न्यायचा हक्क कायद्याने शिल्लक राहिला. त्यांना ग्रीन लेन म्हणतात आणि सरकारी नकाशावर त्यांची वेगळी खूण असते. शेजारून चांगली डांबरी सडक जात असली तरी मंडळी मुद्दाम चिखलात उतरतात. पण तिथे बेफाम चालवायचं नसतं. गाडीला नंबर, विमा, ड्रायव्हरला लायसन, सगळं रस्त्यासारखंच लागतं. सावकाश जायचं, घोडा दिसला तर थांबून इंजिन बंद करायचं, शेताचं फाटक जसं असेल तसंच ठेवून पुढे जायचं. आमच्या गल्लीतल्या एका निवृत्त गृहस्थांनी त्यांच्या गाडीतून आम्हाला नेलं होतं. चढणीला त्यांनी लाल मुठीचा दांडा मागे ओढून लो गिअर घातला आणि ती एवढी जड गाडी क्लचला हात न लावता सावकाश वर चढली. मला आपल्या वाडीची घाटी आठवली. वाडीला डांबरी रस्ता यावा म्हणून तुम्ही किती हेलपाटे घातलेत, आणि पावसाळ्यात चाकाला साखळदंड बांधून माणसं दवाखान्यात पोचवलीत. ते सगळं मी सईला सांगितलं. ती गप्प बसून ऐकत होती.

जीप माझ्या पहिल्या वर्षाच्या फीसाठी गेली, हेही तिला सांगितलं. दुसऱ्या दिवशी तुम्ही एसटीने कराडला गेलात, काही झालंच नाही अशासारखे. मीही तेव्हा काही विचारलं नाही.

आता महत्त्वाचं. तेजूचं लग्न ठरलं हे ऐकून आनंद झाला. मलकापूरची मंडळी चांगली आहेत असं दादा म्हणाला. लग्न तुळशीच्या लग्नानंतर धरताय, तर मी येणार म्हणजे येणारच, पण बहुधा एकटाच. सईचं हे दहावीसारखं वर्ष आहे आणि नेमक्या तेव्हाच सराव परीक्षा, तिला एकटीला ठेवता येत नाही म्हणून प्राजक्ताही थांबेल. आई, रागावू नकोस. उन्हाळ्यात परीक्षा संपली की दोघींना महिनाभर पाठवतो, आजीआजोबांनी कंटाळा येईपर्यंत ठेवून घ्यावं.

मंडपाचा आणि जेवणाचा खर्च माझ्याकडे. दादा, संकोच करू नकोस, आणि सोसायटीचं कर्ज काढायचं नाही. गाडीवर पैसे उडवून इकडे हात आखडता घेईन असं कुणाच्या मनात असेल तर तसं नाही. गाडीचे पैसे वेगळे साठवले होते. घराच्या पत्र्याचं काम या पावसाळ्याआधी व्हायला हवं होतं, ते राहिलं, मला ठाऊक आहे. लग्नाआधी ते उरकून घ्या, पाहुणे घरी येतील. तिथीचं पक्कं झालं की लगेच कळवा, म्हणजे तिकीट काढतो.

सर्वांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद.

तुमचा,
संजू

ता. क. पैसे मंगळवारपर्यंत दादाच्या खात्यावर येतील. त्यातले डॉक्टरांचे आधी बाजूला काढा. सई विचारते आहे की वायपर चालत नाहीत, मोटर उघडायची की आधी वायर तपासायची? अण्णा, रविवारी दुपारी तिला फोन करा, ती तुमचीच वाट बघत थांबणार आहे.