मुकुट आणि कर्जखते

देवस्थानाला एका उद्योजकाने सोन्याचा मुकुट अर्पण केल्याची बातमी आणि तिचे कौतुक करणारे पत्र आपल्या अंकात वाचले. किती तोळे दिले हे ठळक छापून येते. पैसा कोणत्या मार्गाने आला, हे कोणी विचारत नाही. माझा आक्षेप दानाला नाही, या मौनाला आहे.

देहूच्या तुकोबांच्या घरी सावकारी होती. १६३० च्या सुमाराच्या दुष्काळात व्यापार बुडाला, पहिली पत्नी अन्नावाचून गेली. पुढे त्यांनी विठ्ठलाच्या पडक्या देवळाची डागडुजी केली, पण तेवढ्यावर ते थांबले नाहीत. परंपरा सांगते की, त्यांनी कर्जखतांचे दोन वाटे केले. धाकट्या कान्होबाचा त्याच्या हाती दिला आणि फक्त स्वतःचा इंद्रायणीत सोडला. भावाच्या हक्काला त्यांनी हात लावला नाही, हे मला फार मोलाचे वाटते.

मुकुट घडवण्याआधी कामगारांचा थकलेला पगार आणि छोट्या पुरवठादारांची अडवलेली बिले चुकती व्हायला हवीत. देणगीदाराचा जाहीर सत्कार करण्यापूर्वी विश्वस्तांनीही एवढी चौकशी करावी.

– एक वारकरी, चिंचवड